राणी रंग आणि मूत्राशयाचा कर्करोग

मूत्राशयात गाठ असल्याचा रिपोर्ट घेऊन रुग्ण समोर बसला, की तंबाखू-विडीच्या नेहमीच्या चौकशीनंतर मी आणखी एक प्रश्न विचारतो. "तिशी-पस्तिशीत असताना काम काय करत होता?" बहुतेकांना हा प्रश्न गप्पा मारण्यासाठी विचारल्यासारखा वाटतो. निवृत्त होऊन दहा वर्षे झालेली असतात, नातवंडे शाळेत असतात, आणि डॉक्टर ४० वर्षांपूर्वीची नोकरी विचारतोय! शेजारी बसलेली मुलगी सांगते, "बाबा रंगाच्या कंपनीत होते, पण ते केव्हाच सोडलं." हे "केव्हाच सोडलं" आम्हा डॉक्टरांना महत्त्वाचे वाटते. तसे का, हे समजायला सव्वाशे वर्षे मागे, जर्मनीत जावे लागते.

गोष्ट सुरू होते त्याही आधी, १८५६ साली लंडनमध्ये. विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा विद्यार्थी घरच्या प्रयोगशाळेत हिवतापावरचे क्विनीन कृत्रिमरीत्या बनवण्याच्या खटपटीत होता. क्विनीन काही झाले नाही, भांड्याच्या तळाशी काळपट गाळ उरला आणि तो धुताना सुंदर जांभळा रंग निघाला. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलिनमधून कापडाचा रंग तयार होतो, हे जगाला कळले. तीनच वर्षांत फ्रान्समधल्या लियाँ शहरात त्याच घराण्यातला दुसरा रंग निघाला, फुक्सिन. त्यालाच मॅजेंटा म्हणतात, आणि आपल्या साडीच्या दुकानात "राणी कलर" म्हणून मागतात तो याच्याच जवळचा. (पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत थुंकीतले क्षयाचे जंतू लाल रंगवतो तेही याच फुक्सिनने. त्या अर्थाने आमच्या धंद्यावर या रंगाचे उपकारच आहेत.)

पुढच्या ३० वर्षांत जर्मनी या धंद्यात सगळ्यांच्या पुढे गेला. फ्रँकफर्टजवळच्या होक्स्टमध्ये १८६३ साली मोठा रंग कारखाना उभा राहिला. गावांतली माणसे कामाला लागली, नियमित पगार मिळू लागला. कामाच्या जागी हवेत वाफ, भिंतींवर रंगाची पूड आणि कामगारांच्या हातांना, कपड्यांना कायमचा रंग. पोटाची सोय होत होती, त्यामुळे तक्रार कोण करणार?

फ्रँकफर्टमध्ये लुडविग रेन नावाचे सर्जन होते. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव खरे तर वेगळ्याच कारणासाठी येते. १८९६ साली सुरा लागलेल्या एका तरुणाच्या हृदयाला त्यांनी टाके घातले आणि तो वाचला. धडधडत्या हृदयाला यशस्वीपणे टाके घालण्याची ती पहिली शस्त्रक्रिया मानतात. पण माझ्या मते त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी केलेले काम जास्त मोठे आहे. १८९५ साली जर्मन सर्जनांच्या अधिवेशनात ते उभे राहिले आणि म्हणाले, की फुक्सिन बनवणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी दिसत आहेत.

रुग्ण मूठभरच होते. पण ते सगळे एकाच प्रकारचे काम करणारे होते, आणि त्या खात्यात कामगारही फार नव्हते. मूत्राशयाची गाठ हा काही सर्दी-खोकल्यासारखा आजार नाही. एखाद्या सर्जनला वर्षभरात थोडेच असे रुग्ण भेटावेत आणि त्यातले अनेक एकाच छपराखालून यावेत, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नव्हता. रेन यांनी सोडून दिला नाही, कारण त्यांनी रुग्णाला धंदा विचारला होता. इतके साधे.

त्यांच्या मदतीला त्या काळचे एक नवे यंत्रही होते. माक्स निट्झे यांनी १८७९ साली व्हिएन्नात मूत्राशयात घालायची दुर्बीण दाखवली होती. टोकाला तापून लाल झालेली प्लॅटिनमची तार, आणि तिने आतली कातडी भाजू नये म्हणून भोवती गार पाण्याचा प्रवाह! आजची बारीक, लवचीक दुर्बीण पाहिलेल्यांना हे ऐकून घाम फुटेल. पण त्यामुळे जिवंत माणसाच्या मूत्राशयात डोकावता येऊ लागले. त्याआधी या गाठी बऱ्याचदा शवविच्छेदनातच दिसत.

रेन यांच्यावर शंका घेणारे बरेच होते. रुग्ण इतके कमी, त्यावरून एवढा निष्कर्ष? पण आकडा वाढत गेला. १९०६ सालापर्यंत ३८ रुग्णांची नोंद त्यांनी मांडली. या आजाराला "ॲनिलिन कॅन्सर" असे नाव पडले. हे नाव चुकीचे होते. मुख्य गुन्हेगार ॲनिलिन नव्हे, त्याच कुळातले दुसरे पदार्थ निघाले, बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि बेन्झिडीन. आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयाने १९२१ सालच्या अहवालात या दोघांकडे स्पष्ट बोट दाखवले आणि कारखान्यांत कडक स्वच्छता राखायला सांगितले. म्हणजे १९२१ साली गोष्ट छापून आली होती. हे साल लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता रंग नाकातोंडातून आणि कातडीतून शरीरात जातो, तर गाठ फुप्फुसात किंवा हातावर का होत नाही, मूत्राशयातच का? हा प्रश्न रुग्णही विचारतात आणि तो योग्य आहे.

मूत्रपिंडातून लघवी जिथे गोळा होते तिथपासून मूत्रवाहिन्या, मूत्राशय आणि मूत्रमार्गाचा सुरुवातीचा भाग, एवढ्या सगळ्या वाटेला आतून एकाच जातीचे अस्तर असते. त्याला युरोथेलियम म्हणतात. मूत्राशय रिकामे असताना या पेशी एकमेकींवर दाटीने बसलेल्या असतात, भरले की पसरतात. जुन्या रिपोर्टमध्ये "ट्रान्झिशनल सेल कार्सिनोमा" आणि आताच्या रिपोर्टमध्ये "युरोथेलियल कार्सिनोमा" असे दिसले तर घाबरू नका, आजार तोच आहे, फक्त नाव बदलले आहे. हे अस्तर एकच असल्यामुळे गाठ वाटेत कुठेही होऊ शकते, एकीनंतर दुसरीकडेही होऊ शकते. पण मूत्राशय सोडून बाकी वाट लघवी पटकन पार करते. मूत्राशयात ती तासन्‌तास साठून राहते. शरीराने बाहेर टाकायला काढलेला कचरा तिथे थांबतो, आणि त्यात विष असेल तर अस्तर त्यात भिजत राहते.

कारखान्यातून शरीरात गेलेले हे पदार्थ आधी यकृतात जातात. यकृत त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे करून मूत्रपिंडाकडे पाठवते. हेतू चांगला, पण लघवी आम्लधर्मी असेल तर यकृताने बांधलेले हे गाठोडे मूत्राशयात पुन्हा सुटते आणि आतला घातक अंश अस्तराच्या पेशींच्या डीएनएला जाऊन चिकटतो. हे नुसते पुस्तकी नाही. १९९०च्या दशकात अहमदाबादच्या कारखान्यांत बेन्झिडीनशी काम करणाऱ्या कामगारांच्या लघवीत पडलेल्या पेशी तपासल्या गेल्या, तेव्हा ज्यांची लघवी जास्त आम्लधर्मी होती त्यांच्या पेशींतल्या डीएनएवर अशा खुणा जास्त सापडल्या.

तर १९२१ साली कळले होते. पण प्रयोगात सिद्ध होत नव्हते. संशोधक उंदरांना, सशांना हे पदार्थ देत आणि मूत्राशयात म्हणावे तसे काही होत नसे. मग कारखानदार म्हणायला मोकळे, की पुरावा कुठे आहे? इथे विल्हेल्म ह्यूपर येतात. जर्मनीत जन्मलेले, अमेरिकेत गेलेले पॅथॉलॉजिस्ट, स्वभावाने फटकळ असावेत असे त्यांच्याबद्दल वाचताना वाटते. १९३०च्या दशकात ते ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. त्या कंपनीच्या न्यू जर्सीतल्या रंग कारखान्यात मूत्राशयाच्या कर्करोगाचे रुग्ण निघू लागले होते.

ह्यूपर यांनी लिहून ठेवलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. त्यांना बीटा-नॅफ्थिलअमाइनचे खाते दाखवायला नेले. जागा लख्ख होती. मागे रेंगाळून त्यांनी फोरमनला म्हटले, तुमची जागा भलतीच स्वच्छ आहे. त्यावर तो बिचारा खरे बोलून गेला, की कालच्या रात्री यायला हवे होते, तुम्ही येणार म्हणून रात्रभर झाडलोट केली आहे. ह्यूपर यांनी मग पूर्वसूचना न देता बेन्झिडीनचे खाते दाखवण्याचा आग्रह धरला. तिथे रस्त्यापासून खिडक्यांपर्यंत पांढरी पूड पसरली होती. त्यांनी कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही, आणि त्या कारखान्यात त्यांना पुन्हा कधी जाऊ दिले नाही. १९३७ साली नोकरीही गेली.

पण त्यांचा प्रयोग तोवर झाला होता. त्यांनी उंदीर सोडून कुत्री घेतली, आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन दिलेल्या बहुतेक कुत्र्यांत मूत्राशयाच्या गाठी झाल्या. १९३८ साली हे प्रसिद्ध झाले. कुत्र्यांतच का, हे नंतर उलगडले. माणसाच्या यकृतात या पदार्थांना ॲसिटिल नावाचा एक लहान रासायनिक तुकडा जोडून त्यांचा विषारीपणा कमी करण्याची सोय आहे. कुत्र्यात ती सोयच नाही. आणि माणसांतही सगळ्यांचे यकृत हे काम सारख्या वेगाने करत नाही. ज्यांचे सावकाश चालते त्यांना धोका जास्त, आणि भारतात अशी माणसे बरीच आहेत. क्षयावरचे आयसोनायझिड हे औषध शरीरात निकामी करणारी व्यवस्था हीच, त्यामुळे क्षयरोगतज्ज्ञांना ही "सावकाश" माणसे ओळखीची असतात. एकाच खात्यात शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला आजार होतो आणि एकाला होत नाही, याचे उत्तर दरवेळी नशीब नसते.

तरीही किती कामगारांना? हे मोजायचे काम ब्रिटनमध्ये रॉबर्ट केस यांनी केले, आणि माझ्या लेखी या सगळ्या कथेत सर्वात कष्टाचे काम हेच. कारण कामगार नोकरी सोडून जातो, दुसऱ्या गावी राहतो, २० वर्षांनी मरतो. मृत्यूच्या दाखल्यावर त्याचा शेवटचा धंदा लिहिलेला असतो, पहारेकरी किंवा दुकानदार. रंग कारखान्याचा उल्लेखही नसतो. केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ कंपन्यांच्या जुन्या हजेरीपटांतून १९२० पासून किमान सहा महिने हे काम केलेल्या सुमारे साडेचार हजार माणसांची यादी बनवली आणि मग ती मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिली. १९५४ साली निष्कर्ष छापला. सर्वसाधारण पुरुषांच्या तुलनेत या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० पट होते. संपर्क सुरू झाल्यापासून गाठ दिसेपर्यंत सरासरी १८ वर्षे गेली होती, काहींच्या बाबतीत खूपच जास्त.

याच शोधात एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. रंगाशी संबंध नसलेल्या रबर कामगारांतही हा आजार जास्त होता. टायर आणि केबलच्या रबराला चिरा पडू नयेत म्हणून घालायच्या एका रसायनात बीटा-नॅफ्थिलअमाइनचा अंश होता. १९४९ साली ते रसायन बाजारातून काढले. कामगारांना मात्र त्याआधी कोणी काही सांगितले नव्हते, आणि पुढे दोन कामगारांनी लावलेल्या दाव्यात १९७२ साली ब्रिटिश न्यायालयाने कंपन्यांना जबाबदार धरले. १९२१ ते १९४९. छापून आलेली गोष्ट खात्यातल्या माणसापर्यंत पोचायला लागलेला हा काळ आहे.

आपल्याकडे बेन्झिडीनपासून बनणाऱ्या अनेक रंगांवर १९९०च्या दशकात बंदी आली. म्हणजे डोंबिवली, अंबरनाथ, तारापूर या पट्ट्यात किंवा गुजरातेत त्याआधी रंग-रसायनांत उमेदीची वर्षे घालवलेली माणसे आज साठीच्या पुढे आहेत. सगळ्यांना धोका आहे असे अजिबात नाही, कोणत्या खात्यात, कोणत्या पदार्थाशी, किती वर्षे, यावर ते अवलंबून आहे. पण अशा माणसाच्या लघवीतून एकदा जरी रक्त गेले, दुखले नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप थांबले, तरी "उन्हाळी लागली असेल" म्हणून सोडू नये. या गाठीचे रक्त असेच येते. न दुखता येते आणि थांबते, आणि थांबले म्हणून माणूस सहा महिने घरी बसतो. लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज वाटल्यास दुर्बीण, एवढ्यात बहुधा उत्तर मिळते. लघवीत गळून पडलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कर्करोग ओळखता येतो, हे पापानिकोलाउ आणि मार्शल यांनी १९४५ साली दाखवले. गर्भाशयमुखाची पॅप टेस्ट ज्यांच्या नावाने चालते तेच हे पापानिकोलाउ.

कारखान्याचे तोंडही न पाहिलेल्यांनी इथे निर्धास्त होऊ नये. बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि त्याचे भाऊबंद तंबाखूच्या धुरात असतात. रेन यांच्या कामगाराला जे पगार घेऊन मिळत होते, ते विडी-सिगारेट ओढणारा स्वतःचे पैसे मोजून घेतो. आज मूत्राशयाच्या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असते. रुग्णांना फुप्फुसाचे माहीत असते, मूत्राशयाचे सांगितले की विश्वास बसत नाही. धूर छातीत जातो, लघवीशी त्याचा काय संबंध? संबंध वर सांगितला तोच, यकृत, मूत्रपिंड आणि साठून राहिलेली लघवी.

रसायनाशिवायही हा आजार होतो. थिओडोर बिलहार्झ यांनी १८५१ साली कैरोत शवविच्छेदन करताना रक्तवाहिन्यांत राहणारा एक कृमी शोधला. त्याची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत रुतून वर्षानुवर्षे दाह करतात आणि त्यातून होणारा कर्करोग वेगळ्या जातीचा, स्क्वॅमस प्रकारचा असतो. इजिप्तमध्ये तो दीर्घकाळ मोठा प्रश्न होता. हा कृमी गोगलगायींमार्फत पसरतो आणि भारतात तो नाही असे मानत, पण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मुंबईच्या डॉक्टरांना लघवीतून रक्त जाणारे त्याचे रुग्ण सापडले. गोगलगायींचा बंदोबस्त केल्यावर तो प्रश्न मिटला.

आता तुमच्या हातातल्या बायोप्सी रिपोर्टकडे येऊ. त्यात "लो ग्रेड" की "हाय ग्रेड" हे असते. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बेशिस्त दिसतात, त्यावरून ते ठरते. पण त्याइतकीच महत्त्वाची ओळ असते ती खोलीची. ज्युएट आणि स्ट्राँग या अमेरिकन डॉक्टरांनी १९४६ साली मूत्राशयाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या १०७ जणांची शवविच्छेदने तपासली. त्यांनी गाठीचा आकार बाजूला ठेवून, ती भिंतीत किती खोल शिरली हे पाहिले. स्नायूपर्यंत न पोचलेल्या गाठी दूर पसरलेल्या नव्हत्या. स्नायू भेदून पलीकडे गेलेल्यांपैकी सुमारे पाऊणजणांत पसरल्या होत्या. आजची टी-ए, टी-१, टी-२ ही वर्गवारी त्याच विचारावर उभी आहे. टी-ए म्हणजे गाठ अस्तरातच, टी-१ म्हणजे अस्तराखालच्या थरात, टी-२ म्हणजे स्नायूत. समाधानाची गोष्ट अशी, की निदानाच्या वेळी चारपैकी सुमारे तीन रुग्णांत गाठ स्नायूत शिरलेली नसते आणि मूत्राशय वाचवून उपचार करता येतात. म्हणूनच दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यात स्नायू आला आहे की नाही, हे रिपोर्टमध्ये लिहिलेले असते. "स्नायू आढळला नाही" असे असेल आणि सर्जनने काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण करू म्हटले, तर पहिले काम बिघडले असा अर्थ काढू नका. खोली कळल्याशिवाय पुढचा उपचार ठरवणे धोक्याचे असते, एवढाच त्याचा अर्थ.

स्नायूत न शिरलेली पण हाय ग्रेड गाठ काढल्यावर अनेकदा बीसीजी सुचवतात. हो, बाळाच्या दंडावर टोचतात तीच क्षयाची लस, जास्त मात्रेत, नळीने मूत्राशयात सोडायची. कॅनडातल्या अल्व्हारो मोरालेस यांनी १९७६ साली नऊ रुग्णांवरचा अनुभव छापला आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. दुबळे केलेले जंतू अस्तराला चिकटतात, शरीराची संरक्षक फौज त्यांच्यावर धावून येते आणि त्या धुमश्चक्रीत उरल्यासुरल्या कर्करोगी पेशीही मारल्या जातात. लघवीला जळजळ, एखादा दिवस कणकण, हे त्याच लढाईचे. ताप मात्र चढला किंवा उतरेनासा झाला तर लगेच कळवा. यासाठी लागणारे बीसीजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते.

"डॉक्टर, दर आठवड्याला एक, असे सहाच का? पाच का नाहीत, आठ का नाहीत?" असे एका चिकित्सक आजोबांनी विचारले होते. मोरालेस यांना मिळालेली लस सहा-सहा कुप्यांच्या खोक्यात येत असे, म्हणून त्यांनी सहा आठवडे ठरवले. नंतरच्या अभ्यासांत पुढे देखभालीचे डोस जोडले गेले, पण सुरुवातीचे सहा आजही सहाच आहेत.